शील्डबाहेरचा माणूस

लीडिंग काका बोलता बोलता मध्येच हात वर करायचे. पंजा उघडा, बोटं ताठ, चौकातल्या पोलिसानं गाडी अडवावी तसा. वाक्य त्यांचं असो की दुसऱ्याचं, ते तिथंच तुटायचं. मान जराशी वळवून ते कानोसा घ्यायचे आणि हलक्या आवाजात विचारायचे, "कुणी हाक मारली का?" कुणीच मारलेली नसायची. तरी ते उठायचे, दारापर्यंत जायचे, जिन्यात वाकून बघायचे आणि परत खुर्चीत बसत म्हणायचे, "हां. चालू द्या."

आमचा विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा एक छोटासा गट आहे. दर रविवारी सकाळी कॅनडा कॉर्नरजवळ, सायकलच्या एका दुकानावरच्या खोलीत आम्ही जमतो. मी अंबडला इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनचं काम करते. पाठक सर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. बाकीचे असेच, कुणी बँकेत, कुणी शिकत असलेले. काका पहिल्यांदा आले तेव्हा पाठक सरांनी ओळख विचारली. "लीडिंग फायरमन," एवढं म्हणून ते थांबले आणि कपाटातली पुस्तकं बघायला लागले. नाव सांगायचं राहूनच गेलं. अग्निशमन दलात लीडिंग फायरमन हा हुद्दा असतो, हे आम्हाला नंतर कळलं. तोवर ते आमचे लीडिंग काका झाले होते.

त्यांना विज्ञानकथेतली एकच गोष्ट हवी असायची. अंतराळयानाची शील्ड, म्हणजे मारा अडवणारं कवच. परग्रहावरची प्रेमकथा, तिथलं राजकारण, तिथली झाडं, सगळं ते भराभर उलटत पुढं जायचे. शत्रूचं जहाज दिसलं आणि कप्तानानं "शील्ड वर करा" म्हटलं, की काका चष्मा काढून शर्टाला पुसायचे आणि सावकाश वाचायला लागायचे. या वेडाची सुरुवात त्यांनीच सांगितली होती. फायर स्टेशनवर कुणीतरी जुनी पुस्तकं आणून दिली होती. त्यातल्या एका मुखपृष्ठावर चंदेरी सूट घातलेला, तोंडावर काच असलेला माणूस होता. "मला वाटलं आमच्याच खात्याचं पुस्तक आहे," काका म्हणाले. "उघडलं तर हा गडी गुरूच्या पलीकडं निघालेला."

शील्डींची तुलना करायला बसले की त्यांना भान राहायचं नाही. जाड पोलादी पत्र्याचं जहाज त्यांच्या मर्जीतलं. "पत्रा खोटं बोलत नाही. फाटला की फाटला." उलट जहाजाभोवती निळसर चमकणारं ऊर्जेचं कवच आलं की त्यांची चिडचिड सुरू. "सत्तर टक्के शील्ड, चाळीस टक्के शील्ड! अहो, छत्री कधी चाळीस टक्के असते का? एक तर माणूस भिजतो, नाही तर नाही." पाठक सर शांतपणे म्हणाले, "काका, छत्रीला भोकं पडतात की." त्यावर काका एवढे मोठ्यानं हसले की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. चुंबकीय शील्ड दगडही अडवते, अशी त्यांची समजूत होती. सरांनी फळ्यावर आकृती काढून समजावलं, की ती फक्त विद्युतभारित कण वळवते, दगडाला तिचं काही नाही. काका हिरमुसले. "मग हे अर्धंच काम झालं." पुढं बर्फाचा मोठा थर लावून उडणारं जहाज मात्र त्यांना एकदम पटलं. "बर्फ वितळताना गरमी खातो. आमचं पाणी दुसरं काय करतं?" आणि येणारा मारा शोषून घेणाऱ्या शील्डीला त्यांचा ठरलेला सवाल असायचा, "शोषली ना? मग ती गरमी आता कुठंय, ते सांगा."

त्यांची सगळ्यात लाडकी शील्ड एका साध्याशा कथेतली होती. वेगानं येणारं सगळं ती अडवायची. सावकाश येणाऱ्याला आत घ्यायची. गटातल्या मुलांना ती भंकस वाटली. शत्रू हळूच येईल की, मुलं म्हणाली. काका स्वतःचा हात हवेत हळूहळू पुढं नेत राहिले, पाण्यात घालावा तसा. "येऊ दे ना शत्रू," ते म्हणाले. "पण हातही घालता येतो. बाहेरच्याला धरून आत ओढता येतं."

सगळी चर्चा संपली की मग त्यांचा शेवटचा प्रश्न यायचा, दर वेळी तोच. "शील्ड लावल्यावर बाहेरचं ऐकू येतं का?" पहिल्यांदा सगळे हसलो होतो. सरांनी सांगितलं, अंतराळात हवाच नाही, तर आवाज कुठून येणार? काकांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी वेगळं पुस्तक, वेगळं जहाज, आणि पुन्हा, "बाहेरचं ऐकू येतं का?" मग आम्ही हसणं सोडलं. का सोडलं ते सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून हसू येत नव्हतं, एवढंच.

एकदा एका कथेत हल्ला सुरू झाला म्हणून कप्तान शील्ड वर करतो आणि दुरुस्तीला गेलेली जहाजाची एक छोटी होडी माणसांसकट बाहेरच राहते. काकांनी पुस्तक मिटलं आणि ते खाली निघून गेले. मी मागोमाग गेले. टपरीपाशी उभे होते, हातातला चहा न पिता.

"कप्तानाचं बरोबर होतं, ताई," ते म्हणाले. "आत एवढी माणसं होती. नियमानं बरोबरच केलं त्यानं."

"मग काय झालं?"

"काही नाही. पुढच्या पानावर त्याला जेवताना दाखवलाय."

त्यांचं घर सातपूरला, श्रमिकनगरात. काकूंनी एकदा जेवायला बोलावलं. काकू हसऱ्या, बोलक्या, बागलाणातल्या. नवराबायकोचं आपसातलं बोलणं अहिराणीत चालायचं. स्वयंपाकघरातून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "मिक्सर लावतेय हं!" काका ताटावरून उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मिक्सर थांबला तसे आत आले. घरात टीव्ही होता, त्यावर कपडा घातलेला. पंखा बंद. उन्हाळ्याच्या दिवसांत आम्ही वर्तमानपत्रानं वारा घेत जेवलो. काका हात धुवायला गेल्यावर काकू म्हणाल्या, "आधी असे नव्हते हो. गणपतीत ढोल बडवायचे, सगळ्या गल्लीला झोप नसायची. आता मिरवणुकीच्या दिवसांत आम्ही गावाला जातो. आवाजात आवाज हरवतो म्हणतात." मी विचारलं, कुणाचा आवाज? काकूंनी पदरानं ओठ पुसले. "त्यांनाच विचारा. मला सांगितलं ते मी सांगायचं नाही."

मी विचारलं नाही. घरी आल्यावर मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मीसुद्धा मिक्सर मध्येच बंद करून उभी राहायला लागले होते. काही ऐकू यायचं नाही. ते ऐकू न येणंच जास्त खुपायचं.

मग गटानं एक जाहीर कार्यक्रम ठरवला. विज्ञानकथांमधल्या शील्डींची तुलना. पाठक सर फिजिक्स सांगणार, काका कथा सांगणार. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस पाणी लावून बसवून आला. छान बोलले. पत्रा, बर्फ, चुंबक, ऊर्जा, सगळं आलं. छत्रीचा किस्सा सांगून लोकांना हसवलंही. शेवटी कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, "काका, तुम्हाला कुठलीही एक शील्ड घ्यायची झाली तर कुठली घ्याल?"

"मी घातलेली आहे," काका म्हणाले. "एक."

लोकांना वाटलं, आता आणखी एक किस्सा येणार. मुलगी हसत होती.

"सातपूरच्या बाजूला एका कारखान्यात थिनरच्या गोडाऊनला आग लागली होती. दुपारची वेळ. आत एक कामगार अडकलाय म्हणाले. मी चंदेरी सूट चढवला, डोक्यावर हूड, तोंडावर काच, पाठीवर हवेचा सिलिंडर. सूट भारी असतो तो. माणसाला आगीच्या तोंडात नेतो अन् परत आणतो. पण आत ऐकू काय येतं? आपलाच श्वास. बस. मी भिंतीला हात लावून डावीकडून शोधत गेलो. सिलिंडरची हवा संपत आली की एक शिट्टी वाजते. वाजली की मागं फिरायचं, असा नियम. वाजली. फिरलो. मी बाहेर आलो आणि छप्पर बसलं."

प्रश्न विचारणारी मुलगी खाली बसली.

"पत्र्याच्या भिंतीपलीकडं त्याचे सोबती उभे होते. ते म्हणाले, तो हाका मारत होता. सारख्या. आग विझल्यावर तो कुठं पडला होता ते मी बघितलं. मी त्याच्या शेजारून गेलो होतो." काकांनी हात लांब करून दाखवला. "चौकशी झाली. माझी चूक नाही निघाली. शिट्टी सूटाच्या आतल्या बाजूला होती ना, ती ऐकू आली. तो बाहेर होता." मग ते आमच्याशी बोलत नसल्यासारखे, घरच्या भाषेत म्हणाले, "माले आयकू उनं नही."

मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि घाईघाईनं थांबवल्या.

खोली रिकामी झाल्यावर ते माझ्याकडं आले. "ताई, तुमच्याकडं गाडी आहे ना? द्वारका चौकात सोडाल?" आगीत गेलेल्या त्या कामगाराची बायको तिथं एका कोपऱ्यावर फुलं विकते, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. इतकी वर्षं ते द्वारका टाळून, लांबच्या रस्त्यानं जात होते. काकूंना सोबत न्यायला मी सुचवलं. "नको," ते म्हणाले. "तिला स्वतःचं अन् त्या बाईचं, दोघींचं दुःख होईल."

सुनंदाबाई हातगाडीमागं बसून झेंडूच्या माळा ओवत होत्या. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. मखमलाबादकडच्या फुलं पिकवणाऱ्या घरातल्या. भर दुपार, गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही हार घ्यायला आलो असं वाटून त्यांनी मान वर केली.

"मी फायर ब्रिगेडचा," काका म्हणाले. "त्या दिवशी आत गेलो होतो तो मी."

त्यांचा हात दोऱ्यावर थांबला.  मग एक रिकामं क्रेट पायानं पुढं सरकवलं. "बसा."

काका बसले. मी माझ्या गाडीला टेकून उभी राहिले.

"काय म्हणत व्हता तो?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, काका, काहीतरी सांगा. हिचं नाव घेत होता म्हणा. कुणाचं काय जाणार आहे?

"मला ऐकू आलं नाही, बाई. कानावर हूड होतं."

सुनंदाबाईंनी एक फूल उचललं, ओवलं नाही, हातातच धरलं. "सुपरवायजर म्हणला, देवाचं नाव घेत व्हता. माझा दीर म्हणतो, आईला हाका मारत व्हता. त्याच्याबरोबरचा एक म्हणला, सुनंदा सुनंदा करत व्हता. घरात तो मला कधी नावानं हाक मारत नव्हता. सगळे म्हणता, आम्ही ऐकलं. आन् सगळ्यात जवळ तुमी व्हते."

"हो."

"आन् तुमाला नाय ऐकू आलं."

"नाही."

"मंग खरं बोलणारे तुमीच," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. तिथं अंधार होता का? लय गरम होतं का? दार कुठल्या बाजूला होतं? इतकी वर्षं कुणाला विचारायचं ते माहीत नसलेले प्रश्न एकामागून एक येत होते, आणि काका प्रत्येकाचं उत्तर देत होते, काही न गाळता. धूर काळा होता. स्वतःचा हात स्वतःला दिसत नव्हता. रॅक पडली होती, त्यामागं तो होता.

"म्हंजे तुमाला तो दिसला नाय."

"नाही."

"आन् त्याला तुमी?"

"मी दिसलो असेन," काका म्हणाले. "सूट चमकतो. आगीत तर लांबून..." आणि ते थांबले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते वाक्य त्यांना आधीपासून माहीत नव्हतं. बोलता बोलता ते त्यांच्यापुढं येऊन उभं राहिलं होतं. रॅकमागून एका माणसानं चमकणारा सूट आत येताना पाहिला, हाक मारली, पुन्हा मारली, आणि सूट वळून निघून गेला.

सुनंदाबाईंनाही ते दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "कोणीतरी आलं व्हतं, येवढं तर त्याला कळलं."

हे सांत्वन होतं की आरोप, मला आजही ठरवता येत नाही. त्यांच्या आवाजात दोन्ही नव्हतं. एक बाई हार मागायला आली. सुनंदाबाईंनी हार कागदात बांधून दिला. काका क्रेटवरून उठले नाहीत. ऊन सरकलं तशी त्यांच्या डोक्यावरची सावली गेली, तेव्हा सुनंदाबाईंनी हातगाडीवरचं ताडपत्रीचं टोक ओढून त्यांच्यावर घेतलं आणि पुन्हा ओवायला लागल्या.

परत येताना मुंबई नाका आला. काका म्हणाले, "इतके दिवस मी ऐकण्याचाच विचार करत बसलो, ताई. त्यानं मला बघितलं असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं."

खरं सांगितल्यानं मन हलकं होतं, असं म्हणतात. काकांचं झालं नाही. गटात ते येत राहिले, कानोसा घेणं सुटलं नाही. उलट आता ते बोलता बोलता खोलीच्या कोपऱ्यांकडं, कपाटामागच्या अंधाराकडं बघायला लागले. त्यांचा प्रश्नही बदलला. "शील्डीच्या आतला माणूस बाहेरून दिसतो का?" ते विचारायचे. निळ्या चमकणाऱ्या कवचाच्या कथा तर त्यांना वाचवेनात. "एवढा उजेड करून कशाला जायचं," ते म्हणायचे. पाठक सर एरवी प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचे. यावर ते फळा पुसत राहायचे.

एक मात्र झालं. द्वारकेचा रस्ता ते टाळेनासे झाले. ड्यूटी नसली की जाऊन क्रेटवर बसायचे. काय बोलत होते, मला माहीत नाही.  पुढं काकूही जायला लागल्या. द्वारकेला काय बोलणं झालं, ते त्यांना काकांनी सांगितलं होतं. काकू आणि सुनंदाबाई माळा ओवत बसायच्या आणि काका मध्ये पाण्याचा डबा धरून फुलांवर शिंपडायचे.

निवृत्त झाल्यावर ते बागलाणात गावी गेले. खोकला सुरू झाला होता. इतक्या वर्षांचा धूर छातीत होता, डॉक्टर दुसरं काय सांगणार. निरोपाच्या रविवारी आम्ही त्यांना पुस्तकं दिली. त्यांनी एकच ठेवून घेतलं, सावकाश येणाऱ्याला आत घेणाऱ्या शील्डीचं. गावाहून अधूनमधून फोन यायचा. धाप लागायची, वाक्यं तुटायची, तरी शील्डींवर बोलायचे. शेवटच्या फोनमध्ये म्हणाले, "मी एक बनवलीय मनात. कुठलाच मारा अडत नाही तिच्यानं. पण कुणी बाहेर राहत नाही." मी म्हटलं, काका, मग ती शील्ड कसली? ते म्हणाले, "तेच तर. अजून जमली नाही."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. कळलं तेव्हा मी कामावर होते. मी सटाण्यापर्यंत बसनं आणि पुढं जीपनं गावी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. अंगणात पुरुष बसले होते. ओसरीवर, आतल्या खोलीच्या दारात, उंबऱ्याला पाठ लावून सुनंदाबाई बसल्या होत्या. आदल्या दिवशीच आल्या होत्या, विचारत विचारत, एकट्या. फुलांची गाडी बंद ठेवून.

मी काकूंकडं आत जायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. जरा दम धरा." मी त्यांच्याजवळ बसले. गावातल्या बायका येत होत्या, रडण्याच्या तयारीनं. सुनंदाबाई प्रत्येकीला तिथंच बसवत होत्या, चहा देत होत्या, पोरांना अंगणात पिटाळत होत्या. त्या घरात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

दुपार कलली. शेवटची जीप निघायची झाली. काकू अजून झोपल्या होत्या. आत फटीतून त्यांचा कुशीवर वळलेला हात तेवढा दिसत होता. मला त्यांना उठवेना.

"तुमी निघा ताई," सुनंदाबाई म्हणाल्या. "त्या उठल्या की सांगते, तुमी आल्या व्हत्या म्हणून. मी हाय इथं."